हाताने दोन फेरे

१

हे लिहायचं जवळजवळ राहूनच गेलं होतं. दोनदा सुरुवात केली, दोनदा खोडलं. मधे फोन पाण्यात पडला तेव्हा वाटलं, बरं झालं, विषय मिटला. पण नवा फोन चालू केला तर सगळ्या नोट्स आपोआप हजर. मग म्हटलं, एवढ्या मागे लागल्यात तर लिहून टाकू.

न लिहिण्याचं कारण एवढंच, की रहस्यकथेत शेवटी ज्याच्याकडे बोट जातं त्याचा वाचणाऱ्याला राग यावा लागतो. इथे तो येईल याची खात्री नाही. मला आला नाही.

तर. शनिवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. डॉक्टरांची लाल स्पोर्ट्स कार सुरू झाली, तीन सेकंद चालली आणि मेली. चमच्यांनी भरलेला खण जिन्यावरून लोटून द्यावा तसा आवाज झाला. नंतर शांत. फक्त माझ्या लॅपटॉपचा पंखा ऐकू येत होता.

गाडीजवळ आम्ही चौघं होतो. गाडीच्या मालकीण, म्हणजे दातांच्या डॉक्टर. गॅरेज ज्यांनी उभं केलं ते मामा. इंजिन जोडणारा माझा मित्र फिलर. आणि मी. माझं काम इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलायचं, म्हणून मला सगळे लॅपटॉप म्हणतात. कॉलेजात शिकलेलो नाही. व्हिडिओ बघून, जुनी मॅन्युअल वाचून आणि मामा व फिलर या दोघांच्या शिव्या खाऊन शिकलो.

काम काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला एक दांडा. तो फिरला की उंचवटे व्हॉल्व्हना दाबतात, व्हॉल्व्ह उघडतात, हवा आत येते, धूर बाहेर जातो. उंचवटे मोठे केले की व्हॉल्व्ह जास्त उघडतात, हवा जास्त येते, ताकद वाढते. फुकट काहीच नसतं. जास्त उघडलेला व्हॉल्व्ह खाली पिस्टनच्या जास्त जवळ जातो. दोघांच्या मधे दोन मिलिमीटर उरले तर सगळं ठीक. काहीच उरलं नाही तर चमच्यांचा खण.

डॉक्टरांना पंधरा दिवसांनी डोंगरातल्या शर्यतीत उतरायचं होतं, म्हणून कुरियरने नवा, मोठ्या उंचवट्यांचा कॅमशाफ्ट मागवला होता.

फिलरने किल्ली काढली. बराच वेळ पुढच्या काचेतून समोर बघत बसला. मग बाहेर आला, इंजिनावर वाकला, कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या पट्ट्यावरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं, इंजिनाचं खालचं चाक पान्याने त्याच्या खुणेवर आणलं, आत एकदाच बघितलं. एकदाच. आणि कव्हर परत लावून टाकलं.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला.

हे त्याने मला सांगितलेलं पहिलं खोटं.

२

सोमवारी सकाळी ताईंच्या ऑफिसात बसलो. ताई म्हणजे मामांची सख्खी भाची. गॅरेज आता त्या चालवतात. त्यांचे मामा म्हणून ते आम्हा सगळ्यांचे मामा.

ताई आवाज चढवत नाहीत. त्यामुळे जास्त भीती वाटते.

"मी एकच विचारते," त्या फिलरला म्हणाल्या. "व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर मोजलं होतंस का?"

मला हसायलाच आलं. फिलर गेज म्हणजे पातळ पोलादी पात्यांचा जुडगा, फटी मोजायचा. याच्या वरच्या खिशात तो कायम असतो, नाव त्यावरूनच पडलं. या माणसाने एकदा ब्रेडच्या स्लाइस मोजून बेकरीवाल्याला सांगितलं होतं की तुमचं कापायचं मशीन एका बाजूला झुकलंय. ते खरंच झुकलेलं निघालं. आणि हा अंतर मोजणार नाही?

"राहिलं असेल," फिलर म्हणाला.

"असेल म्हणजे?"

"राहिलं, ताई. घाई होती."

ताईंनी पेन खाली ठेवलं. "अकरा वर्षं झाली तुला इथे."

"हो. म्हणून शनिवारपर्यंत माझी कामं उरकतो आणि जातो. माझ्या मावसभावाचं ट्रॅक्टरचं वर्कशॉप आहे, तिथे माणूस हवाय. नव्या व्हॉल्व्हचं मी बघतो."

कोपऱ्यात मामा बसले होते. अडुसष्ट वर्षांचे, हात मात्र चाळिशीतले. ते म्हणाले, "पोराला घालवू नकोस. इंजिन आहे, होतं कधी कधी."

"मामा, तुम्ही मधे पडू नका. मागे त्या पांढऱ्या गाडीचा ऑइलचा बोल्ट सैल राहिला तेव्हा काय ठरलं होतं? आणखी एक चूक झाली की तुम्ही काउंटरवर बसायचं आणि हत्यारांना हात लावायचा नाही. मी ते पाळणार होते. मग याला वेगळा नियम कसा लावू?"

फिलर जमिनीकडे बघत होता.

ताईंनी डॉक्टरांना द्यायचं पत्र मामांपुढे सरकवलं. गॅरेजचे मालक कागदोपत्री अजून तेच आहेत.

"सही कुठे करू?"

"रंगवलंय ना तिथे."

मामांचं पेन कागदावर फिरत राहिलं. ताईंनी हात धरून जागेवर ठेवला. "लक्ष कुठे आहे तुमचं?"

बाहेर आल्यावर मी फिलरला अडवलं. "शुक्रवारी संध्याकाळी प्लग काढून आपण स्टार्टरने इंजिन दहा सेकंद फिरवलं, ऑइल वर चढवायला. मी शेजारी होतो. टक्क असा आवाज नाही आला. अंतर नव्हतं तर तेव्हा कसं वाजलं नाही?"

"नशीब."

"तुझा नशिबावर कधीपासून विश्वास?"

"लॅपटॉप, सोड ना," तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता हात धुवायला गेला. हात स्वच्छ होते.

३

सोडायला मी काय साधू आहे? माझ्याकडे शनिवारपर्यंत पाच दिवस होते.

शुक्रवारी संध्याकाळी इंजिन धड होतं, शनिवारी बाराला नव्हतं. मधे रात्री गॅरेज बंद, किल्ली ताईंकडे. शनिवारी अकरा ते बारा फिलर इंजिनात कमी पडलेलं ऑइल आणायला गेला होता. मी आतल्या खोलीत लॅपटॉप लावत होतो. त्या तासात गाडीजवळ कोण होतं, एवढंच शोधायचं होतं.

इंजिन उघडायचं काम टर्नरकडे आणि माझ्याकडे आलं. टर्नर मागच्या शेडमध्ये लेथ चालवतो. केसाची जाडी डोळ्याने सांगतो आणि माणसाची लायकीही, न विचारता. कॅमशाफ्ट बदलायला त्याचा पहिल्यापासून विरोध होता. म्हणत होता, आधी पिस्टनमध्ये खोबण्या खोल करू, मग कॅमशाफ्ट. म्हणजे काम त्याच्याकडे.

उघडायच्या आधी मी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. सवय आहे. सुटे भाग परत जोडताना मला काही आठवत नाही.

कव्हर काढलं. कॅमशाफ्टच्या टोकाला दात असलेली पुली असते, पट्टा तिला फिरवतो. पुलीवर कंपनीचा कोरलेला ठिपका, मागे हेडवर, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेल्या इंजिनाच्या वरच्या भागावर, कोरलेली रेघ. खालचं चाक त्याच्या खुणेवर असताना ठिपका रेघेवर आला की जुळणी बरोबर.

"बघ," टर्नर म्हणाला. "ठिपका बरोब्बर रेघेवर. म्हणजे जुळणीत चूक नाही. मग उरलं काय? व्हॉल्व्हला जागाच नव्हती. तुझ्या मित्राने मोजलं नाही. मी सांगत होतो तेव्हा मी म्हातारा आणि खडूस."

"म्हातारे नाही आहात तुम्ही."

"खडूस आहे म्हणतोयस."

हेड उतरवून व्हॉल्व्ह टेबलावर मांडले. हवा आत घेणारे चारही वाकलेले. धूर बाहेर टाकणारे चारही सरळ, जसेच्या तसे.

"शनिवारी तुम्ही गाडीजवळ गेला होतात का?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

टर्नरने हातातला व्हॉल्व्ह खाली ठेवला. "गेलो होतो. साडेअकराला. डायल गेज परत ठेवायला. पाच मिनिटं एकटाच होतो तिथे. पुढचं विचार."

"पुढचं काय?"

"हेच, की मी काही केलं का. विचार की."

मी विचारलं नाही. तो लेथकडे गेला आणि दिवसभर मशीन गरजेपेक्षा जास्त जोरात चालवत राहिला.

४

मंगळवारी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. पेशंट नव्हता. त्यांनी मला खुर्चीतच बसवलं, दुसरी नव्हती म्हणून. दिवा तोंडावर. चौकशी नक्की कोण कोणाची करतंय ते कळेना.

"मी पावणेबाराला आले," त्या म्हणाल्या. "तुमचे ते टर्नर मागे लेथवर होते. तोंड उघडा. वरची दाढ दुखते?"

"नाही. आणि मग?"

"दुखेल. मग काय, मामा कव्हर लावत होते. मी विचारलं, झालं का? म्हणाले, झालंच होतं. मला हात पुसायला कापड मागितलं. पायाजवळच पडलं होतं, पिवळं, चांगलं मोठं. मीच उचलून दिलं."

"अजून काही?"

"घाईत वाटले. मला बघून कव्हरचे बोल्ट पटापट लावले. मला वाटलं, मी लवकर आले म्हणून."

मामांनी कव्हर लावलं हे काही गुपित नव्हतं. फिलर ऑइल घेऊन आला तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, कव्हर मी बसवलंय, तू ऑइल भर.

मी उठलो. डॉक्टर म्हणाल्या, "शर्यत पुढच्या वर्षीही असेल. पण तो मुलगा दोन दिवस त्या अंशांच्या आकड्यांच्या चकतीपुढे बसला होता, मी पाहिलंय. त्याने मोजलं नाही हे मला पटत नाही."

मलाही पटत नव्हतं. म्हणून बुधवारी मी ते केलं जे मित्राच्या बाबतीत करू नये. जेवणाच्या सुट्टीत त्याचा हत्यारांचा खण उघडला.

५

खणात एक काड्यापेटी होती. आत गुलाबी मातीचा तुकडा, लहान मुलं खेळतात ती माती, मधोमध ब्लेडने कापलेला.

ही फिलरची पद्धत. पिस्टनवर माती ठेवायची, हेड बसवायचं, इंजिन हाताने फिरवायचं. व्हॉल्व्ह मातीत रुततो. मग हेड काढून माती कापायची आणि खाली उरलेली जाडी मोजायची. तेवढं अंतर. माती त्याच्या पुतणीची. ती दरवेळी त्याच्याकडून नवीन पाकीट वसूल करते. प्रत्येक इंजिनाचा तुकडा तो काड्यापेटीत जपून ठेवतो, वर गाडीचा नंबर घालून.

पेटीवर डॉक्टरांच्या गाडीचा नंबर होता. मी माती मोजली. दोन पूर्णांक एक मिलिमीटर.

म्हणजे मोजलं होतं. जागा होती. आणि तरी ताईंसमोर म्हणाला, राहिलं.

त्याखाली त्याची वही. मोजमापं सगळी तिच्यात असतात. डॉक्टरांच्या गाडीचं पान नव्हतं. कुणीतरी काढलं होतं.

आधी माझ्या डोक्यात टर्नर आला. वाटलं, पुरावा पळवला. मग मी पानाची उरलेली कड बघितली. फाडलेली नव्हती. सरळ, सुबक कापलेली होती. गेजचं पातं पट्टीसारखं दाबून धरायचं आणि ब्लेड फिरवायचं. बिलंसुद्धा अशी कापणारा माणूस गॅरेजात एकच.

पान फिलरने स्वतः कापलं होतं.

६

त्या दुपारी मी मामांकडे गेलो. ते मागे बसून जुने बोल्ट वेगळे करत होते. अंगठा फिरवायचा, डब्यात टाकायचा. बघत नव्हते. एकही चुकत नव्हता.

"मामा, फिलरने काय लपवलंय?"

त्यांचा अंगठा थांबला. "त्याने? काही नाही."

"मग तुम्ही?"

त्यांनी हातातला बोल्ट डब्यात टाकला. "काही गोष्टी मी सांगणार नाही," ते म्हणाले. "त्याच्याच भल्याच्या आहेत. आधीच एवढं झालंय, अजून भर कशाला?"

म्हणजे फिलर काहीतरी झाकत होता आणि मामाही काहीतरी झाकत होते. मी येड्यासारखा मधे उभा.

संध्याकाळी आतल्या खोलीत, शनिवारी मी लॅपटॉप लावत होतो तिथेच, बसलो आणि क्रमाने विचार केला. जागा होती हे माती सांगते. व्हॉल्व्ह आदळले हे व्हॉल्व्ह सांगतात. दोन्ही खरं असेल तर माती ठेवली तेव्हा कॅमशाफ्ट एका जागी होता आणि शनिवारी दुसऱ्या.

पट्टा आपोआप घसरला का? नाही. पट्टा ओढतं खालचं चाक. तो घसरला तर कॅमशाफ्ट मागे पडतो, उशिरा फिरतो, आणि मार बसतो धुराच्या व्हॉल्व्हना. इथे ते सरळ होते. हवेचे वाकले होते. म्हणजे कॅमशाफ्ट पुढे गेला होता. पुढे तो आपण होऊन जात नाही. हाताने न्यावा लागतो.

पण मग ठिपका रेघेवर कसा?

सोमवारचे फोटो उघडले आणि मोठे करून बघितले.

पुलीच्या एका दातावर बारीक पिवळी खूण होती. ठिपक्यापासून बरोबर एक दात दूर. आमच्याकडे प्रत्येकाचा खुणेचा रंग ठरलेला आहे. मामांचा पांढरा, टर्नरचा निळा. पिवळा फिलरचा.

गुरुवारी सकाळी हेड परत ठेवलं, चार बोल्टांवर. धुराचे व्हॉल्व्ह धड होते, त्यावर डायल गेज लावला, व्हॉल्व्ह किती उघडला ते काट्याने दाखवणारा, आणि खालच्या चाकावर अंशांची चकती. आधी ठिपका रेघेवर. व्हॉल्व्ह कितव्या अंशाला उघडायचे याचं जे कार्ड कॅमशाफ्टसोबत आलं होतं त्याच्याशी काही जुळेना, एक अख्खा दात पुढे. मग ठिपका सोडला आणि पिवळी खूण रेघेवर आणली. कार्डाशी अर्ध्या अंशात जुळलं.

पुली ज्या पिनवर अडकते ती पिन नव्या कॅमशाफ्टवर वेगळ्या जागी होती. त्याच्यासाठी कंपनीचा ठिपका खोटा होता. फिलरने दोन दिवस बसून हेच शोधलं होतं आणि पुली मुद्दाम एक दात मागे बसवली होती. शनिवारी कुणीतरी ती "बरोबर" केली.

कोणी केली हे दुसऱ्या फोटोत होतं. पट्टा ताणायच्या बोल्टवर फिलर घट्ट करून झाल्यावर एक पिवळी रेघ ओढतो, अर्धी बोल्टवर, अर्धी बाजूच्या पत्र्यावर. बोल्ट हलला तर रेघ तुटलेली दिसते. इथे ती तुटली होती. बोल्टवरची रेघ एकीकडे, पत्र्यावरची दुसरीकडे.

कोणी वाईट करायला आला असता तर जाताना रेघ जुळवून गेला असता. दोन सेकंदांचं काम. टर्नर तर केसाएवढा फरकही ठेवत नाही. डॉक्टरांना पट्टा ताणतात कुठून तेही माहीत नाही. ताईंच्या हातात मी कधी पाना पाहिलेला नाही.

रेघ ज्याने तशीच सोडली, त्याला ती दिसलीच नव्हती.

सहीची जागा ताईंनी पिवळ्या रंगाने रंगवली होती. कापड पिवळं होतं, पायाजवळ. पांढऱ्या कागदावरचं पिवळं, राखाडी फरशीवरचं पिवळं, चकाकत्या धातूवरचं पिवळं. ज्याच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय त्याच्यासाठी सगळं जगच थोडं पिवळं असतं. पिवळ्यावर पिवळं कसं दिसणार? पण कोरलेला ठिपका अंगठ्याला लागतो.

७

शुक्रवारी फिलरच्या खोलीवर गेलो. तो हत्यारं जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळत होता, प्रत्येक वेगळं.

"मामा," मी दारातूनच म्हणालो.

त्याने मान वर केली नाही. "दार लाव."

"तुला कधी कळलं?"

"कव्हर काढलं तेव्हा. ठिपका रेघेवर. इथे अंगठ्याने ठिपका चाचपून पट्टा चढवणारं कोण आहे अजून?" त्याने खिशातून घडी केलेलं पान काढून पलंगावर टाकलं. "हे ताईंनी वाचलं असतं तर मामा काउंटरवर. तो माणूस काउंटरवर सहा महिने टिकणार नाही. मी कुठेही टिकेन. संपलं. तू कोणाला बोलायचं नाही."

"त्यांना विचारलंस का, का केलं?"

"काय विचारू? चुकून झालं असेल."

"चुकून नाही. डॉक्टर गाडी न्यायला येणार, तू बाहेर, आणि त्यांच्या अंगठ्याला लागलं की ठिपका रेघेवर नाही. तुझी पिवळी खूण त्यांच्या डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून त्यांना वाटलं, पोरगा एक दात चुकला. तुझी अब्रू जाऊ नये म्हणून त्यांनी गुपचूप नीट केलं. अजूनही ते तेच झाकतायत. मला म्हणाले, त्याच्याच भल्यासाठी."

फिलरचे हात थांबले.

"मी?" तो म्हणाला. "एक दात?"

"हो."

"मामांना वाटतंय की मी एक दात चुकलो?"

"आठवडाभर."

तो पलंगावर बसला. अंतर मोजायचं राहिलं असं सगळ्या जगाला वाटलेलं त्याला चाललं होतं. पण हे नाही. मला त्या परिस्थितीतही हसू येत होतं आणि ते त्याला दिसत होतं.

"हसू नकोस," तो म्हणाला. "चप्पल कुठे आहे माझी?"

८

मामा गाडीजवळच होते, उघड्या इंजिनाकडे बघत. निदान बघत असल्यासारखे. टर्नर दारात येऊन उभा राहिला. गेला नाही.

फिलरने काही सांगितलं नाही. पुली तशीच हेडवर होती. त्याने मामांचा अंगठा धरून ठिपक्यावर ठेवला. मग एक दात सरकवून पिवळ्या खुणेवर.

"इथे काय आहे, मामा?"

"दात आहे."

"दातावर?"

मामांनी अंगठा फिरवला. चेहरा जवळ नेला. लांब केला. "काही नाही."

"माझी खूण आहे. पिवळी. नव्या कॅमशाफ्टची पिन फिरलेली आहे, ठिपका याला चालत नाही. मी चुकलो नव्हतो." पान त्यांच्या हातात दिलं. "मी मोजलं होतं."

मामांनी पान वाचलं नाही. दुमडून धरलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते मला नीट लिहिता येणार नाही, म्हणून लिहीत नाही.

"पट्टा बदलल्यावर काय करायचं?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. आम्हाला नव्हे.

उत्तर आम्हा सगळ्यांना पाठ आहे. पहिल्या दिवशी मामांनीच शिकवलेलं. हाताने दोन फेरे. स्टार्टर नाही, घाई नाही, हाताने. कुठे काही अडत असेल तर हाताला आधी कळतं.

"डॉक्टरबाई आल्या," मामा म्हणाले. "म्हटलं, याच्या पट्ट्यात मी हात घातलेला कोणी बघायला नको. कव्हर लावून टाकलं. दोन फेरे राहिले." त्यांनी हात पुसले. "मारले असते तर हाताला कळलं असतं. डोळे गेले तर गेले. हाताला कळलं असतं."

मग त्यांनीच ताईंना हाक मारली. सगळं सांगितलं, एकही वाक्य न गाळता, आणि शेवटी म्हणाले, "ठरल्याप्रमाणे काउंटर."

ताईंनी मामांच्या हातातलं पान घेऊन उलगडलं.

"हे काउंटरवर बसले तर मी उद्या जातोच," फिलर म्हणाला.

"मला धमकी देऊ नकोस."

"धमकी नाही. वेळापत्रक सांगतोय."

"काउंटर नंतर बघू," ताई म्हणाल्या. "आधी डोळे. सोमवारी सकाळी दवाखाना. आणि दिसत नाही हे मला सांगायचं सोडून तुम्ही—" पुढचं त्या बोलल्या नाहीत. ऑफिसात जाऊन नाक शिंकरलेलं मात्र ऐकू आलं.

टर्नर दारातून म्हणाला, "म्हणजे माझ्यावर संशय होता की नाही?"

"बुधवारी दहा मिनिटं," मी म्हणालो.

"दहाच?" त्याला जरा कमी वाटलं.

९

डॉक्टरांना फिलरने आणि मामांनी मिळून सांगितलं. त्या म्हणाल्या, "एका दाताची चूक ना? मी शिकत असताना एक चांगला दात काढलाय. पेशंट अजून नीट जेवतो. गाडी सावकाश करा."

नवे व्हॉल्व्ह यायला तीन आठवडे लागले. तोवर मामांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसरा बाकी होता. डोळ्यावर हिरवी झापड लावून ते रोज येत होते आणि हत्यारांकडे न बघता त्यांच्याभोवती फिरत होते. फिलरने पिवळे मार्कर सगळे फेकले. आता त्याचा रंग लाल. टर्नरने लगेच सांगितलं की लाल त्याला आधी हवा होता.

इंजिन जोडून झालं. पट्टा चढवला, ताणला, लाल रेघ ओढली. मी लॅपटॉप लावला. डॉक्टर दोन पावलं मागे उभ्या होत्या.

फिलरने खालच्या चाकाच्या बोल्टवर लांब पाना बसवला आणि बाजूला झाला.

"मामा," तो म्हणाला. "दोन फेरे."

ताई ऑफिसच्या दारात होत्या. मामांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, पण दुसरीकडे बघायला लागल्या. त्यांच्याकडून तेवढं म्हणजे पुष्कळ.

मामांनी डोळा मिटला. पाना हळूहळू फिरवला. एक फेरा. मधे थांबले, जरा मागे घेतला, पुन्हा पुढे. दुसरा. पूर्ण.

"होऊ दे सुरू," ते म्हणाले. "मोकळं आहे."

गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. मोठ्या कॅमशाफ्टचं इंजिन हळू चालताना थोडं लंगडतं, एखादा जाडा माणूस जिना चढताना दर पायरीला विचार करतो तसं. मामा हसत होते. मला वाटतं त्यांना त्या लंगडण्यात फिलरचं काम ऐकू येत होतं.

नंतर हात धुताना फिलर माझ्याजवळ आला. यावेळी हात खरंच काळे होते.

"मी कधी ना कधी जाणारच आहे रे," तो म्हणाला. "आज नाही. पण मावसभाऊ अजून विचारतो. मी नसलो तर इंजिन सुरू करायची परवानगी तुझ्या लॅपटॉपमधून जाते, बरोबर? तू बटण दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही."

"बरोबर."

"मग?"

मला कळलं त्याला काय हवंय. मी नळ बंद केला.

"मामांनी हाताने दोन फेरे मारल्याशिवाय मी ते बटण दाबणार नाही," मी म्हणालो. "गाडी कोणाचीही असू दे, घाई कितीही असू दे. ते येईपर्यंत वाट बघेन. वचन."